मंगळवारची बाटली

आमचा बाप प्यायलेला असला की आम्ही दोघं भावंडं खूश असायचो. खोटं नाही सांगत. चाळीतल्या बाकीच्या घरांत उलटं असायचं. तिथे बाप झोकांड्या खात जिना चढायला लागला की पोरं कॉटखाली. आमचे पप्पा गोदीतून घोट मारून आले की हातात भज्यांची पुडी असायची. मला कडेवर घेऊन गाणी म्हणायचे, धाकट्याला खांद्यावर बसवून गॅलरीभर फिरवायचे आणि जेवून गपगुमान झोपायचे. मार खाल्ला तो बाप दारू सोडायचा तेव्हा. वर्षातले चाळीस दिवस. येशूच्या नावाने.

आम्ही माझगावचे ख्रिस्ती. ईस्टरच्या आधी आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. त्या दिवशी फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि तू मातीच आहेस, विसरू नकोस, म्हणून सांगतात. मग कोणी मटण सोडतं, कोणी मासे, कोणी गोड. आमच्या घरात पप्पांनी दारू सोडायची, हे आईने ठरवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती त्यांना म्हणाली, "हे चाळीस दिवस मला द्या, बाकीचं वर्ष तुमचं." आणि पप्पांनी दिले. त्यांचा जीव होता तिच्यावर, ते मी नाकारणार नाही.

राखेच्या आदल्या मंगळवारी आमच्याकडे नारळ-गुळाचं सारण भरलेले पॅनकेक व्हायचे. ते खाऊन झाले की पप्पांनी उरलेली बाटली आईच्या हातात द्यायची. आईने ती सगळ्यांसमोर मोरीत ओतायची. आम्ही पोरांनी मोरीच्या कठड्याशी उभं राहून आपापलं सोडलेलं सांगायचं. मी साखर सोडायचे, भाऊ गोट्या. मग आई ती बाटली राखेने घासायची, बुधवारी चर्चला घेऊन जायची आणि पवित्र पाणी भरून आणायची. चाळीस दिवस ती बाटली देव्हाऱ्यात, मारियेच्या तसबिरीशेजारी उभी. लेबल काढलेलं असायचं, पण बाटली कसली ते सगळ्या चाळीला माहीत.

बुधवारी पप्पा गप्प असायचे. गुरुवारी त्यांचे हात थरथरायचे. आणि शुक्रवारपासून सुरू व्हायचं.

काय हाताला लागेल त्याने मारायचे. पट्टा, झाडू, स्टोव्हची पिन, एकदा तर अख्खा स्टोव्ह भिरकावला. भातात खडा लागला म्हणून धाकट्याचा पुढचा दात पाडला. माझ्या पाठीवर पट्ट्याच्या बक्कलचा वळ आहे तो आज पंचावन्नाव्या वर्षीही हाताला लागतो. आईचा डावा कान मी नऊ वर्षांची असताना गेला. तिने फक्त विचारलं होतं, "क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला येताय ना?" पप्पांनी अशी एक ठेवून दिली की ती भिंतीवर जाऊन आदळली. कानातून रक्त आलं. त्या कानाने तिला पुन्हा काही ऐकू आलं नाही. आणि बाई काय म्हणाली माहितीये? पदराने कान दाबून आम्हालाच म्हणाली, "पप्पांना काही बोलायचं नाही हं. देवासाठी सोसतायत ते."

अरे, देवासाठी ते सोसत होते आणि त्यांच्यासाठी आम्ही! मी ईस्टरची वाट बघायचे ती येशू उठणार म्हणून नाही, बाटली उघडणार म्हणून. ईस्टरच्या दुपारी पप्पांनी पहिला घोट घेतला की घरातले सगळे एकदम श्वास सोडायचे. मग पप्पा रडायचे, आईच्या कानावरून हात फिरवायचे.

मी बावीस वर्षांची असताना ते गेले. उपवासकाळातच, पहिल्याच शनिवारी, भरदुपारी. तीन वर्षांपासून त्यांचं पिणं फार वाढलं होतं, तरी मंगळवारची बाटली मोरीत गेलीच. शनिवारी सकाळी ते चप्पल घेऊन भिंत बडवायला लागले. "खेकडे! खेकडे चढतायत बघ!" भिंतीवर काही नव्हतं. घामाने बनियन पिळून निघालेलं. ते आईच्या पाया पडले. बाप आईच्या पाया पडतोय, हे पोरांनी बघायचं! "एक घोट दे गं, मरतोय मी." आईने दाराला आतून कडी घातली, दाराला पाठ लावून बसली आणि माळ जपायला लागली. मधेच उठून तिने देव्हाऱ्यातल्या बाटलीतलं पवित्र पाणी त्यांना पाजलं. त्यांनी ते तिच्या तोंडावर थुंकलं. मग अंग ताठ झालं, झटके आले, डोकं लादीवर आपटत राहिलं. थांबलं तेव्हा सगळं संपलं होतं.

दारूचं दुकान खाली रस्त्याच्या पलीकडे होतं. दोन मिनिटांवर. मी गेले नाही. कडी काढायचा प्रयत्नही केला नाही. मी कॉटवर बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, मर एकदाचा. हे मी पुढे फादरांपुढे पापनिवेदनात सांगितलं, पण सांगून काही हलकं झालं नाही.

सगळी चाळ रडली. बायका म्हणाल्या, उपासात मरण आलं, सरळ स्वर्गात गेला. त्या बोलण्यावर आई तेहतीस वर्षं जगली.

पप्पांच्या मागे भावाने बाटली धरली. म्हणजे आईने त्याच्या हातात दिली. "बापाचं व्रत मुलाने चालवायचं." तो तेव्हा आठवड्याला दोन बिअर पिणारा पोरगा, त्याला काय जड होतं? सोडायचा, चिडचिड करायचा, ईस्टरला पुन्हा सुरू. वर्षं गेली. तो गोदीत वेल्डर होता. मग काम कंत्राटावर गेलं, मग त्याला घरी बसवलं. बाजूच्याच खोलीत राहतो तो, बायकोबरोबर. मुलगी लग्न होऊन वसईला गेली. गेल्या दोन वर्षांत त्याला सकाळी दात घासायच्या आधी लागायला लागली. खाण तशी माती, दुसरं काय.

आणि मी? मी पण त्याच बापाची लेक. परळच्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवते. माझा हात आधी उठतो, तोंड नंतर. पूर्वी मुलींच्या बोटांवर लाकडी पट्टी हाणायचे, आता कायदा आलाय म्हणून टेबलावर आपटते. लग्न केलं नाही. मारणारा भेटला असता नाहीतर मार खाणारा, दोन्ही मला नको होतं.

यंदा उपवासकाळाच्या आधीच्या रविवारी आमच्या नव्या फादरांनी उपदेश केला. वयाने माझ्या भाचीएवढे, गोड बोलतात. म्हणाले, उपास म्हणजे शरीराला शिक्षा नव्हे. आजाऱ्यांनी, म्हाताऱ्यांनी, गोळ्या चालू असलेल्यांनी उपाशी राहू नये, चर्च ते मागत नाही. स्वतःशी मायेने वागा, मग दुसऱ्याशी वागता येईल. मासे सोडण्यापेक्षा राग सोडून बघा. मी मनातल्या मनात म्हटलं, फादर, राग सोडला तर माझ्यात उरेल काय, नुसतं हाडूक. पण कुठेतरी लागलं खरं. त्याच दिवशी वेदीपुढे गुडघे टेकून मी ठरवलं, यंदा साखर नाही, हात सोडायचा. चाळीस दिवस कोणावर हात उगारायचा नाही.

आई घरी येताना म्हणाली, "हे नवे फादर म्हणजे! उद्या म्हणतील क्रूस पण थर्माकोलचा करा." ऐंशी वर्षांची आहे. साखर आहे, बीपी आहे. तरी दिवसाला एक जेवण.

मंगळवार आला. पॅनकेक झाले. भावाने बाटली पुढे केली तेव्हा त्याचा हात हलत होता. अजून सोडली पण नव्हती आणि हात हलत होता. मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "आई, याला थोडी थोडी कमी करू दे. एकदम नको." आईची एक खोड आहे. जे ऐकायचं नसतं ते बोलणाऱ्याकडे ती डावा कान करते. तिने मान फिरवली, डावा कान माझ्याकडे केला आणि बाटली मोरीत ओतली. गुळगुळ करत गेली. भाऊ त्या मोरीकडे असा बघत होता जसं त्याचंच कोणीतरी वाहून चाललंय. भावजय माझ्या कानात म्हणाली, "ताई, मला भीती वाटते हो." मी तिला म्हटलं, "मी आहे ना."

मोठी आली ‘मी आहे’ म्हणणारी!

शुक्रवारी दुपारी सगळे आमच्या खोलीत जेवायला बसलो. डाळ-भात आणि भेंडीची भाजी. भावाचा चमचा तोंडाशी पोचेना, डाळ शर्टावर. दोनदा, तीनदा. भावजय बिचारी हळूच म्हणाली, "मी भरवू का?" बस्स! त्याने डाळीचं पातेलं उचललं आणि तिच्या तोंडावर हाणलं. पातेल्याचा काठ कपाळात घुसला. डाळ आणि रक्त एकत्रच खाली आलं. ती पडली तर त्याने लाथ उचलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कुठलं व्रत नि कुठलं काय! कपाटामागे माझी शिवणाची पट्टी होती, सागवानी, जाड. ती घेतली आणि त्याच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. मानेवर, खांद्यावर, कोपरावर. तो वळला, माझे केस धरले, माझं डोकं कपाटावर आपटलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. आम्ही दोघं म्हातारे होत आलेले भाऊ-बहीण कुत्र्यांसारखे लादीवर लोळत होतो आणि आई ओरडत होती, "अरे शुक्रवार आहे! उपवासाचा शुक्रवार आहे आज!" तो खाली सापडला तेव्हा मी पट्टी दोन्ही हातांनी वर केली आणि अशी आणली की त्याच्या पाठीवर तिचे दोन तुकडे झाले. आणि खरं सांगू? मला फार बरं वाटलं. त्या माराच्या खाली मला भाऊ दिसतच नव्हता, पप्पा दिसत होते.

तो खालून म्हणाला, "मार ताय, अजून मार."

मग मी हातातला तुकडा टाकला. तो उठला, देव्हाऱ्याकडे गेला, ती बाटली उचलली आणि तोंडाला लावली. पवित्र पाणी गटागटा प्यायला. त्यात त्याला काय मिळणार होतं? पिऊन झाल्यावर बाटलीकडे बघितलं आणि ती भिंतीवर फोडली. काचा आईच्या मांडीवर उडाल्या. खालच्या डॉक्टरने भावजयेच्या कपाळाला चार टाके घातले. काय झालं विचारलं तर ती म्हणाली, मोरीत पाय घसरला. आमच्या चाळीतल्या बायकांचा पाय नेहमी मोरीतच घसरतो.

शनिवारी सकाळी मी उरलेल्या काचा शोधत होते. डोकं ठणकत होतं. बाहेर गॅलरीत फटाफट आवाज आला. भाऊ चप्पल घेऊन भिंत बडवत होता. "ताय, बघ ना! खेकडे. अगं केवढे! चढतायत बघ!"

तोच शनिवार. तोच शब्द. बाप गेला तेव्हा हा वीस वर्षांचा होता, त्याने ऐकलं होतं सगळं, पण आत्ता तो काही आठवून बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत होते. अंगावरचं बनियन घामाने चिकटलेलं, डोळे तारवटलेले. मला एकदम कळलं की हा आज दुपारपर्यंत जाणार.

आईने त्याला दंडाला धरून आमच्या खोलीत ओढलं, दार लावलं, आतून कडी घातली. खुर्ची दाराला लावली आणि काठी मांडीवर घेऊन बसली. माळ काढली. तेहतीस वर्षांपूर्वी अगदी अशीच. खुर्ची तेवढी नवीन होती.

"आई, उठ. हॉस्पिटलला न्यायचं त्याला."

"कोणी मध्ये पडायचं नाही. देव परीक्षा घेतोय. तुझ्या पप्पांनी दिली, हा पण देईल."

"पप्पा मेले!"

तिने डावा कान केला. भाऊ कोपऱ्यात भिंतीवर डोकं आपटत होता, ठण, ठण. मी आईच्या डोक्यावरून हात घालून कडीला हात लावला. तिने काठी माझ्या मनगटावर मारली. मी पुन्हा हात घातला. तिने पुन्हा मारली, मग बोटांवर, मग कालच्या टेंगळावर. या वयात एवढा जोर कुठून आणला देव जाणे. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि माझा हात वर गेला. माझ्या आईवर. पूर्ण वर, पंजा उघडा.

तिने डोळे मिटले. मान थोडी उजवीकडे वळवली, खांदे वर घेतले आणि वाट बघत राहिली. पप्पांचा हात उठला की ती अशीच करायची. चांगला कान वाचवायला.

तो हात मी खाली कसा आणला ते माझं मला माहीत. मग मी खाली वाकले, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि आईला खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं. मूठभर हाडं, काय वजन असणार. ती माझ्या पाठीत काठी घालत राहिली. "सैतान शिरलाय तुझ्यात! नरकात जाशील!" मी म्हटलं, "जाते. आधी खाली जाऊन येते."

पंचावन्न वर्षांत मी दारूच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. तेहतीस वर्षांपूर्वी जे दोन मिनिटांवर होतं ते आजही दोन मिनिटांवरच होतं. नुकतंच शटर वर केलं होतं. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, भाऊ त्याचं रोजचं गिऱ्हाईक, आमचं घर तो ओळखतो. चर्चमधली एक बाई समोरून जात होती, तिने क्रुसाची खूण केली. मी तिला म्हटलं, "प्रार्थना कर माझ्यासाठी, लागणारच आहे."

वर आले तेव्हा भावाला दोन शेजाऱ्यांनी धरून ठेवलं होतं. कपाळ फुटलं होतं. मी मगमध्ये थोडी ओतली, पाणी घातलं आणि त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. त्याचे दात मगवर कडाकडा वाजत होते. अर्धी माझ्या गाऊनवर सांडली, अर्धी आत गेली. "हळू रे. हळू, राजा." राजा! काल याच माणसाच्या पाठीवर पट्टी मोडली होती मी. मागून आई मोठमोठ्याने माळ म्हणत होती आणि मधे मधे मला शिव्या देत होती. थोड्या वेळाने तो जिना उतरण्याइतका शांत झाला. शेजाऱ्यांनी त्याला टॅक्सीत घातलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कपाळाला पट्टी बांधलेली भावजय. मी तिला म्हटलं, तू नको येऊस, तू कशाला. ती म्हणाली, "मेला तर भूत होऊन माझ्याच डोक्यावर बसेल, ताई." आणि त्याचा हात घट्ट धरून रडायला लागली.

हॉस्पिटलच्या फाटकातच त्याला झटके आले. तसंच अंग ताठ, तसंच डोकं. फक्त या वेळेला त्या डोक्याखाली माझी मांडी होती. वॉर्डबॉय धावत आले. त्याला आत नेलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, हातपाय कॉटला बांधले. दोन तासांनी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. मी घाबरत घाबरत सांगितलं की मी त्याला दारू पाजली. ती म्हणाली, "घरी पाजून हे बरं होत नसतं मावशी, लगेच इथे आणायचं. पण आणलंत, हे बरं केलंत. इतकं पिणाऱ्याने एका दिवसात दारू सोडायची नाही. डॉक्टरला विचारून, औषधं घेऊन सोडायची. नाहीतर असं होतं. जीवही जातो. घरात आधी कोणाला असं झालं होतं का?"

"वडलांना."

"मग काय केलंत?"

"प्रार्थना."

मग मीच विचारलं, "त्यांना आणलं असतं तर?"

"वाचले असते बहुतेक," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंय का? हात बघा तुमचे."

माझे हात भावासारखे हलत होते. सकाळची बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेतली होती. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. भावजयेला भावापाशी बसवून मी समोरच्या गाडीवर गेले आणि अंडा-पाव खाल्ला. दोन खाल्ले. उपवासकाळ, शनिवार, रस्त्यात उभं राहून. फादर बरोबर होते. पोटात अन्न गेल्यावरच मला रडू आलं, त्याआधी नाही.

भावाचा धोका टळला असं डॉक्टरणीने सांगितल्यावर मी संध्याकाळच्या आत घरी आले. आई त्याच खुर्चीत होती, सकाळी मी ठेवली होती तिथेच. शेजारणीने आणलेलं ताट झाकलेलं तसंच. जेवली नव्हती, साखरेची गोळी घेतली नव्हती. ओठ सुकलेले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, "आहे. जिवंत आहे." तिने माळेला ओठ लावले. "दिली ना परीक्षा त्याने," म्हणाली, "बापासारखी."

माझ्या डोक्यात सणक गेली. तेहतीस वर्षं जे घशात अडकलं होतं ते तोंडापर्यंत आलं. फेकून मारावं तिच्या तोंडावर, पातेल्यासारखं. पण तिचे ते सुकलेले ओठ बघितले, आणि मी उठून तांदळाची पेज टाकली. मीठ घातलं, थोडं दूध घातलं. वाटी घेऊन तिच्या शेजारी बसले. डाव्या बाजूला बसले. आणि त्या मेलेल्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं. पप्पांना देवाने नेलं नाही, आई. दारू एकदम तोडली म्हणून गेले. हॉस्पिटलला नेलं असतं तर वाचले असते. ते मारायचे ते पण त्यामुळेच. बाटली तू ओतलीस, आणि दार मी उघडलं नाही.

बोलायचं होतं ते बोलून झालं आणि तिला कळलं नाही, असा माझा हिशेब. मी वाटी पुढे केली.

आई समोर देव्हाऱ्याकडे बघत होती. बाटलीच्या जागी धुळीत गोल डाग होता. मग तिने काठी टेकली, खुर्चीतल्या खुर्चीत मोठ्या कष्टाने वळली आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"आता ह्या कानात सांग," म्हणाली.

मी सांगितलं. तेच, तसंच, काही न गाळता. तिने एकदाही मान फिरवली नाही. ऐकून झाल्यावर माळ मांडीवर ठेवली, उजवा हात उचलला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. फाडकन्. पुन्हा मारली. डाव्या गालावर, जिथे पप्पांनी मारली होती तिथेच. तिसऱ्यांदा हात उठला तेव्हा मी तो मनगटाला पकडला. ती हिसके देत होती, ओरडत होती, "सोड! मला मारू दे! सोड!"

"नाही," मी म्हटलं. "बस्स झालं. या घरात आता कोणी कोणाला मारायचं नाही. आणि देवाच्या नावाने तर नाहीच नाही."

"हात सोड गं. दुखतोय."

मी हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिला पेज भरवली.